फाटक्या पतंगाच्या काड्या

नागपूरची जुनी शुक्रवारी. तीळसंक्रांत तोंडावर आलीय. या काकांचे हात बघा. चौकोनी कागद तिरपा दुमडला, डावा कोपरा उजव्यावर नेमका बसला. कागद उलगडून घडीच्या रेषेवर बांबूची काडी चिकटवली. ही काडी म्हणजे चौकोनाचा एक कर्ण. वाकलेल्या कमानीची दोन टोकं मनातल्या मनात सरळ रेषेनं जोडा, तो दुसरा. उभा कर्ण आडव्याला मधोमध आणि काटकोनात छेदतो. भूमितीतही या चौकोनाचं नाव पतंगच.

फाटलेल्या पतंगांच्या काड्या या आठवीच्या वर्गात आल्यात. सोबत दोरा आणि इलॅस्टिक.

एक काडी लांब, एक आखूड. दोन्हींचे मध्य एकावर एक ठेवून गाठ मारली, चारही टोकांवरून इलॅस्टिक ताणलं: समांतरभुज चौकोन. आता गाठ न सोडता काड्या फिरवा. काटकोन झाला आणि चारही बाजू सारख्या! समभुज चौकोन. काड्या सारख्या लांबीच्या घेतल्या तर आयत, आणि त्याच काटकोनात फिरवल्या की चौरस.

म्हणजे प्रश्न तीनच. कर्ण एकमेकांना दुभागतात का? लंब आहेत का? सारखे आहेत का? आपण मात्र मुलांकडून आधी चौकोनांच्या गुणधर्मांचं कोष्टक पाठ करून घेतो.

इथे जरा थांबू. काड्या तीस-तीस सेंटिमीटरच्या. 'कर्ण सारखे म्हणजे आयत,' असं ही मुलगी ठामपणे म्हणाली होती. आता तिनं दोन्ही काड्यांवर एकेका टोकापासून दहा सेंटिमीटरवर गाठ मारलीय. इलॅस्टिक बघा. समोरासमोरच्या दोन बाजू समांतर, पण एक दुसरीच्या दुप्पट. समद्विभुज समलंब! ती पुन्हा पट्टी लावते. पुन्हा दुप्पट.

नुसत्या बाजूंवरून चौकोन ठरत नाही. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यात दाबली की कलते. एक कर्ण ठोकला की घट्ट होते. बाजू त्याच राहून कर्ण बदलू शकतात, हे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त बजावून सांगितलंय. घराची आखणी करताना मिस्त्रीसुद्धा समोरासमोरच्या बाजू जुळवून मग दोन्ही कर्णांना टेप लावतो.

शेवटच्या बाकावर एका मुलानं गाठ सरकवलीय. एका काडीच्या मध्यावर, दुसरीच्या वरच्या टोकाजवळ. काड्या तिरप्या आहेत, तोवर या चौकोनाला पुस्तकात खास नाव नाही. तो हळूहळू फिरवतो. गुण्या लावून काटकोन तपासतो.

पतंग.