घरून आणलेलं भांडवल

नमस्कार श्रोतेहो.

अकरावी-बारावीला समाजशास्त्रात सामाजिक वर्ग शिकवायला घेतला की पोरं लगेच हिशेब मांडतात. बागायत किती, ट्रॅक्टर कोणाकडे, नोकरीला कोण. रावेरकडे तर केळीची खोडं मोजूनच ऐपत सांगतात. हिशेब खरा, पण अपुरा. दोन घरांत पैसा सारखाच असला तरी एका घरचा मुलगा तोंडी परीक्षेत परीक्षकाशी गप्पा मारतो आणि दुसऱ्याच्या घशाला कोरड पडते.

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने या फरकामागच्या शिदोरीला, म्हणजे घरून आलेल्या बोलण्या-वागण्याला आणि जाणकारीला, सांस्कृतिक भांडवल म्हटलं. जन्म १९३० चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यातला, वडील टपालखात्यात. गावची बोली पॅरिसच्या फ्रेंचहून निराळी. आपल्या पोरांना हा माणूस परका वाटत नाही! विद्यापीठ जे मागतं ते सगळं शिकवत नाही, मग घरून शिकून आलेल्यांचं फावतं, असं त्याने पास्रों या सहकाऱ्यासोबत १९६४ मध्ये मांडलं.

आता साक्री-शिरपूरकडे या. वर्गात एखादा अहिराणीत म्हणतो, ‘मन्हा बाप वावरमा शे’, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. पुढच्या तासाला तोच वर्ग बहिणाबाईंची लेवा बोलीतली कविता माना डोलावत ऐकतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. छापलेल्या एका बोलीला मान, मग तिचीच शेजारीण बाकावरून आली की हसू का? व्याख्या घोकून घेण्याआधी एवढं विचारा, अर्धा धडा तिथेच होतो.

एका खेळाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. घरी पुस्तकांचं कपाट असेल त्याने एक पाऊल पुढे, आई-वडील मजुरीला जात असतील त्याने एक मागे. हा खेळ वर्गात नको. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरचं पोर सगळ्यांत मागे उभं राहतं आणि बाकीचे त्याच्या जिवावर शिकतात. शिवाय आपल्याकडे त्या रांगेतून जातही दिसते.

त्यापेक्षा विचारा, तुमच्या घरात कोणाला काय ओळखता येतं? एखादी मुलगी सांगेल, घड कापायला आला हे केळाच्या कडांवरून कळतं, धारदार कडा भरून गोल होतात. पावसाच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग कोणती, पाऊस सरताना लावलेली कांदेबाग कोणती, तेही तिला पाठ. व्यापारी तिचं ऐकतो, परीक्षक विचारतही नाही. कशाला गुण द्यायचे हे ठरवतं कोण? इथे वर्ग तापतो.

पण टाळ्या वाजवून थांबू नका, तिला उद्या मुलाखतीला जायचंच आहे. तेव्हा न सांगितलेले नियम सांगून टाका. प्रश्न कळला नाही तर परत विचारता येतो. अर्जातल्या ‘छंद’ या रकान्यात काय लिहायचं. चर्चा अहिराणीत होऊ द्या, लिखाण प्रमाण मराठीत करून घ्या. तोंडीचे गुण कशाकशाला, ते आधीच फळ्यावर लिहा. सहकारी म्हणतील, अशाने पोरं आपण दिलेल्या गुणांवर वाद घालतील.

घालू द्या.

नमस्कार.