ढालींमागचं सूत

[दृश्य: समुद्रकिनारा. ढालींवर तलवारींचे घाव.]

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराच्या दक्षिणेला मोसगोरचा किनारा आहे. १९७७ साली इथे व्हायकिंगांचा, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी योद्ध्यांचा, मेळा सुरू झाला, तो आजही उन्हाळ्यात भरतो. हौशी माणसं त्यांच्यासारखा पोशाख करून त्यांचं जगणं आणि लढणं उभं करतात. पहिल्या दिवशी आमचा कॅमेरा धावला तो थेट लढाईकडे.

तलवारी खऱ्या लोखंडाच्या, फक्त धार बोथट केलेली. घाव बसला का, हे ज्याला लागलं त्यानंच मान्य करायचं आणि खाली पडायचं. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

एकाच्याही शिरस्त्राणाला शिंगं नाहीत. सिनेमांत व्हायकिंगांच्या डोक्यावर दिसतात ती शिंगं रंगभूमीवरची. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला झालेल्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोएप्लर यांनी वेशभूषा रेखाटली, आणि तिथून ती सगळीकडे पसरली. १९४३ साली नॉर्वेत येर्मुन्बूला तुकड्यांत सापडलेलं अस्सल शिरस्त्राण बिनशिंगाचंच आहे.

[दृश्य: तंबू. टकळीची गिरकी.]

दुसऱ्या दिवशी आम्ही तंबूंकडे वळलो, आणि मग तिथून हललोच नाही.

एक बाई टकळीवर लोकर कातत होती. शेजारी उभा माग. ताणा ताठ राहावा म्हणून खाली मातीची वजनं लोंबकळतायत. लाल रंग मुळांतून काढलेला, आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या झुडपाच्या. अंगरखा शिवायचा तर आधी सूत, मग कापड, मग रंग. लढणाऱ्याच्या अंगावर कुणाचा तरी अख्खा हिवाळा असतो.

जहाजाचंही तसंच. १९६२ साली डेन्मार्कमधल्याच रोस्किल्डेच्या खाडीतून व्हायकिंगांची पाच जहाजं बाहेर काढली गेली. त्यातलं सगळ्यात लांब, सुमारे ३० मीटरचं, १०४२ च्या सुमारास आयर्लंडमधल्या डब्लिनजवळ बांधलेलं. त्याची प्रतिकृती २००७ मध्ये शीड उभारून पुन्हा डब्लिनला गेली. पण लोकरीचं मोठं शीड कातून विणायला जहाज बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागत असे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे स्वारी निघण्याच्या कितीतरी आधी घराघरांत टकळ्या फिरत होत्या. त्या कधी पडद्यावर दिसल्या?

एक गोष्ट वगळणं मला पटत नाही. नाझींनी एसएस या आपल्या निमलष्करी दलाच्या बिल्ल्यावर रूण, म्हणजे व्हायकिंगही वापरत त्या जुन्या लिपीसारखी, अक्षरं मिरवली, आणि आजही द्वेष पसरवणारे ती वापरतात. व्हायकिंगांचं जगणं उभं करण्याच्या या छंदावर जीव असलेल्यांना तो डाग सलतो.

[दृश्य: हातांचा क्लोजअप. फक्त वाऱ्याचा आवाज.]

सूत तुटतं. ती दोन्ही टोकं उकलते, बोटं ओली करते, पीळ देते. टकळी पुन्हा फिरू लागते.