पेन्सिलीची रेघ आणि वरच्या मजल्यावरची मोरी

श्रोतेहो, नमस्कार.

घर घ्यायचं ठरलं की आपण कागद तपासतो. प्रॉपर्टी कार्ड, सर्च रिपोर्ट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची एनओसी. आपला वकील बघतो, मग बँकेचा वकील बघतो. बघायलाच हवं. पण घर किती वेळ बघतो? अर्धा तास. तोही संध्याकाळी, एजंट दारात किल्ली हातात घेऊन उभा असताना. आज त्या घराच्या तपासणीबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही मुख्यतः पाण्याबद्दल. दार वाकडं असेल तर ते लागत नाही, लगेच कळतं. पाणी एका ठिकाणी शिरतं आणि भलत्याच ठिकाणी दिसतं.

ठाण्यातली गोष्ट आहे. एका निवृत्त शिक्षिकेनं दुसऱ्या मजल्यावरचा एक रिकामा वन बीएचके पाहिला. इमारत पंचवीसेक वर्षांची. उजेड, वारा, स्टेशनचं अंतर, सगळं पसंत. फक्त बेडरूमच्या भिंतीवर, छताखाली वीतभर, बाथरूमच्या अंगाला एक डाग. ताटाएवढा. कडेला रंगाचे पापुद्रे सुटलेले, मध्ये पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. मालक म्हणाले, "वरच्यांचं बाथरूम गळतंय, वॉटरप्रूफिंग केलं की झालं." दोन कंत्राटदार बघून गेले होते आणि दोघांचं म्हणणं एकच : वरचं बाथरूम पूर्ण फोडा. वरच्या मजल्यावरचे काका मात्र ठाम होते. "आम्ही दोन दिवस पाणी तुंबवून बघितलंय. खाली एक थेंब आला नाही." आणि काका खरं बोलत होते.

बाईंनी मालकांना विचारून पर्समधली पेन्सिल काढली आणि डागाच्या कडेकडेनं बारीक रेघ ओढली. शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. टोकन दिलं नाही. बुधवारी संध्याकाळी परत गेल्या, तर डाग रेघेच्या आतच होता, कोरडा पडत चाललेला. शुक्रवारी तसाच. सोमवारी सकाळी गेल्या, तर डाग रेघ ओलांडून दोन बोटं बाहेर. त्यांनी नवी रेघ ओढली, नवी तारीख लिहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मधले दिवस शांत, सोमवारी वाढलेला.

आता इथे जरा थांबा, कारण त्या रेघांनी बरंच काम केलं होतं. महिना मे होता, म्हणजे पावसाचं पाणी बाद. भिंतीतला नळाचा पाइप फुटला असता तर ओल रोज वाढली असती, कारण त्या पाइपमध्ये गच्चीवरच्या टाकीचा दाब दिवसरात्र असतो. रोजच्या आंघोळीचं पाणी असतं, तरी रोज वाढली असती. हे पाणी आठवड्यातून एकदाच येत होतं.

तिसऱ्या रविवारी बाई सकाळी नऊला थर्मासमध्ये चहा घेऊन गेल्या. बाथरूममधली बादली आणून उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. दर अर्ध्या तासानं एक रेघ. साडेदहापर्यंत काही नाही. अकराला दहा मिनिटं कमी असताना बाथरूमच्या पीओपीच्या छतामागून आवाज आला : टप्प. मग दुसरा. मग सलग. बाई जिना चढून वर गेल्या. काकूंचं वॉशिंग मशीन बाथरूमला लागून असलेल्या मोरीत होतं, आणि त्यानं नुकतंच पहिलं पाणी सोडलं होतं. घरात माणसं दोनच, म्हणून कपडे आठवड्यातून एकदा. रविवारी.

प्लंबर आला. मालकांच्या परवानगीनं त्यानं खालच्या बाथरूमच्या पीओपीत हातभर चौकोन कापला आणि टॉर्च मारली. वरच्या मोरीचा नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं सांडपाणी जाण्याचं भांडं, तिथे स्लॅबखाली लोंबत होता. वरून कुणीतरी एक बादली हळूहळू ओतली. काही नाही. दुसरी भडाभडा ओतली, आणि ट्रॅपच्या गळ्याभोवती पाण्याची कडी उमटली, थेंब झाले, ते स्लॅबच्या पोटाला धरून सरकत भिंतीपर्यंत गेले. ट्रॅप केसांनी आणि कपड्यांच्या धाग्यांनी निम्मा भरलेला होता. तांब्यातांब्यानं पडणारं पाणी त्यातून कसंबसं निघून जाई. मशीन तीस-चाळीस लिटर पाणी काही मिनिटांत ढकलतं. ते तुंबून गळ्यापर्यंत चढे आणि तिथला सुटलेला सांधा गाठे.

मग काकांनी बाथरूम आणि मोरी दोन्हीकडे दोन दिवस पाणी तुंबवलं तेव्हा काहीच कसं गळलं नाही? कारण पाणी तुंबवताना जाळी काढून फडक्याचा बोळा कोंबतात. तो बोळा त्या सांध्याच्या वर बसला. फरशीची परीक्षा झाली, सांध्यापर्यंत पाणी पोचलंच नाही.

ट्रॅप बदलला, गळ्याभोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटनं भरली. बाथरूमची एक टाइल फुटली नाही. बाईंनी पुढचे दोन रविवार पुन्हा रेघा ओढल्या, आणि मग टोकन दिलं.

म्हणून पहिला मुद्दा, आणि तो पुन्हा सांगेन : पाण्याच्या परीक्षा दोन. एक साठवलेल्या पाण्याची, एक सोडलेल्या पाण्याची. नवीन फ्लॅटचा ताबा घेताना बाथरूमच्या ट्रॅपला बोळा लावा, दाराचा उंबरा ओलांडणार नाही असं इंचभर पाणी साठवा, पातळीवर खूण करा, किमान २४ तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. पातळी थोडी उतरली तर घाबरू नका, काही पाणी हवेतही जातं. खालच्या छतावर ओल दिसली तर मात्र ताबा घेऊ नका. मग बोळा काढा आणि दोन बादल्या एकदम ओता. पाणी ट्रॅपकडे धावलं पाहिजे. कोपऱ्यात थारोळं राहिलं तर उतार चुकलाय, आणि उतार नंतर दुरुस्त करायचा म्हणजे फरशी उखडायची. साठवलेलं पाणी आणि सोडलेलं पाणी. दोन्ही.

ओघात सांगतो : देशभरातल्या प्लंबिंगच्या दुकानांत ‘नहाणी ट्रॅप’ याच नावानं ही वस्तू मिळते. आपल्या न्हाणीघरातला शब्द आहे तो. आणि आपल्याच घरांत तो महिन्यातून एकदा उघडून साफ होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे. पीओपीच्या छताबद्दलही माझं मत पक्कं आहे. बाथरूममध्ये ते करायचंच असेल, तर ट्रॅपखाली उघडता येणारं झाकण ठेवा. बंद छत म्हणजे गळती कुजेपर्यंत लपवून ठेवणं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. वीज : डीबीचा, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींच्या खटक्यांचा, डबा उघडा. त्यात आरसीसीबी असतो, करंट भलतीकडे गळला की वीज तोडणारा खटका. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबा. खटका पडलाच पाहिजे. तो ३० मिलिअँपिअरचा आहे का, वाचून बघा. माणसाचा जीव वाचवणारा तोच. गिझर आणि एसीच्या पॉइंटला वेगळी लाइन आहे ना, तारेची जाडी किती, हे वायरमनकडून बघून घ्या. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर गिझर चालवला तर तार तापते. प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. नवीन घरात भोक आहे पण मागे तार जोडलेली नाही, असं सर्रास सापडतं.

टाइल्सवर नाणं आपटत चला. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. तिथे कपाट ठेवलं की टाइल तडकणार.

भेगांमध्ये फरक करा. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली केसासारखी आडवी भेग बहुधा गिलाव्याची असते. तिथे गिलाव्याखाली तारेची जाळी मारलेली नसते, म्हणून ती पडते. बीमच्या तळाला लांबीच्या दिशेनं गेलेली भेग, सोबत तांबूस डाग, ही वेगळी गोष्ट. आतलं लोखंड गंजतंय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. समुद्राजवळ हे लवकर होतं. अशी भेग दिसली की व्यवहार थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो काँक्रीटला छोटं भोक पाडून फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन लावेल. गुलाबी रंग आला तर काँक्रीट बहुधा अजून लोखंडाला सांभाळतंय. रंग आला नाही, तर तेवढ्या खोलीपर्यंत संरक्षण गेलं. जुन्या इमारतीत सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा शेवटचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. अहवाल "शोधतो" असं उत्तर आलं, तर ते शोधेपर्यंत थांबा.

नवीन घरासाठी कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करून द्यायचा असतो. ३० दिवस, पैसे न घेता. पण दाखवून द्यायचा तो लेखी. फोटो, तारीख आणि पोच. ताबापत्रावर ‘सर्व काम समाधानकारक’ असं छापलेलं असतं, आणि कलश आणि पेढे घेऊन आलेलं कुटुंब घाईत तिथे सही करतं. पूजेचा मुहूर्त तपासणीनंतरचा काढा, ही कळकळीची विनंती. सापडलेले दोष त्याच कागदावर हातानं लिहा, मग सही करा.

जाताना पिशवीत टॉर्च, वायरमनचा टेस्टर, पाच रुपयांचं नाणं, मोठं फडकं आणि पेन्सिल घ्या. पेन्सिल मऊ शिशाची हवी. बॉलपेनची शाई ओल्या भिंतीवर नीट उठत नाही, आणि पुढच्या सोमवारी तुम्हाला ती रेघ कुठे होती ते कळायला हवं.

नमस्कार.