स्फटिकाशेजारचा खडा

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरचा उन्हाळा आणि सोलापूरची धूळ, दोन्ही तुमच्या ओळखीची. माझ्या घरच्या काचेच्या कपाटात दगड मांडलेले आहेत. त्यांतल्या गारगोटीवर धूळ बेताचीच बसते, पण शेजारच्या टुर्मलीन या रंगीत रत्न-खनिजाच्या कांड्यांवर, म्हणजे लांबट स्फटिकांवर, मात्र चांगला थर चढतो. कारण कपाटातला दिवा लागला की कांडी तापते आणि तिच्या एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण विद्युतभार येतो. तोच धूळ ओढून घेतो. अठराव्या शतकात श्रीलंकेहून हे खडे नेणारे डच लोक तापवलेल्या खड्यानं चिलमीतली राख ओढून काढत. त्यांनी त्याचं नावच ठेवलं, 'राख ओढणारा'. टुर्मलीन हा शब्द मूळचा सिंहली. आपल्याकडे त्याला तोरमल्ली म्हणतात.

माझा संग्रह सुरू झाला तो विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या काळ्या फत्तरापासून. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे पांढरे स्फटिक सापडायचे. तोरमल्ली तिथे मिळायची नाही. आपला खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोरमल्लीला बोरॉन लागतं, आणि रत्नाच्या प्रतीचे स्फटिक बहुधा ग्रॅनाइट थिजताना शेवटी उरलेल्या रसातून, पेग्माटाइट नावाच्या भरड खडकाच्या शिरांत वाढतात. म्हणून आमच्या घरात ती विकतच आली.

पैलू पाडलेला खडा सराफाच्या पेढीवरचा, संग्राहकाचा नव्हे, असं मी बरीच वर्षं मानत होतो. मग जयपूरहून एक हिरवा, लांबट चौकोनी खडा हाती आला. दोन कॅरेटचा, म्हणजे अवघा ०.४ ग्रॅम. तो मी हिरव्या कांडीशेजारी ठेवला. कांडी आडवी धरली की हिरवीगार दिसते. टोकाकडून आत पाहिलं तर जवळजवळ काळी. कारागिराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून खड्याचा वरचा सपाट पैलू तो कांडीच्या लांबीला धरून ठेवतो. कांडी पेन्सिलीसारखी, त्यामुळे खडाही लांबट निघतो. खड्याच्या आकारात मला कांडी दिसली! तेव्हापासून मी कांडी आणि तिच्याशेजारी पैलू पाडलेला खडा, अशी जोडीच जमवतो.

एक चूक मात्र अजून सलते. टोक शाबूत असलेली एक गुलाबी कांडी मी हौसेनं कापायला दिली. परत आला तो लहानसा खडा. अर्ध्याहून जास्त वजन घासण्यात गेलं आणि ते टोक कायमचं गेलं. कापायला तुटकी कांडीच द्यावी. अखंड टोकाला हात लावू नये, मग आतला रंग कितीही मोह घालो.

खडा घेताना तो कोणत्या देशाच्या, कोणत्या खाणीचा, हे लिहून घ्या. ब्राझील, मोझांबिक, अफगाणिस्तान, जे असेल ते. नुसतं 'गुलाबी टुर्मलीन' लिहिलेली चिठ्ठी मला अपुरी वाटते.

आणि धुळीचं पुन्हा सांगतो. तिच्यात गारगोटीचे कण असतात, त्यांचं काठिण्य १ ते १० या मोहस मापात ७. तोरमल्लीचं ७ ते ७.५. कोरड्या फडक्यानं रोज पुसाल तर पैलूंची धार हळूहळू मंदावेल. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढं पुरे. वाफेचं यंत्र नको, आतल्या भेगा वाढतात.

माझ्या कपाटात निळ्या कांडीशेजारची जागा अजून रिकामी आहे. तिथे लांबट निळा खडा यायचा आहे. रंग फार गडद नको, दिवा लावल्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे.

नमस्कार.