मत द्यायचं तर आपला माणूस कोण?

(ठाण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघापुढे केलेलं भाषण, बोललो तसंच, थोडं आवरून)

प्रभूच्या नावात सगळ्यांना नमस्कार. मागच्या रविवारी उपासनेनंतर एका मुलीने मला जिन्यातच गाठलं, काका, उमेदवार ख्रिस्ती नसेल तर त्याला मत दिलेलं देवाला चालतं का? मी घाईत चालतं म्हणून मोकळा झालो आणि मग रात्री झोप लागेना, कारण का चालतं ते सांगितलंच नव्हतं. ते आज सांगतो.

आधी साधा हिशोब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. ठाणे महापालिकेला पॅनल पद्धत, बहुतेक प्रभागांत एकाला चार मतं, आता चारही ठिकाणी आपलाच माणूस हवा म्हटलं तर चार वेळा ‘नोटा’चं, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’चं, बटण दाबून घरी यायचं आणि नळाला पाणी किती वाजता येणार ते बाकीच्यांनी ठरवायचं. पण श्रद्धेचा प्रश्न हिशोबाने सुटत नाही, हेही खरं.

तर पवित्र शास्त्र उघडू. नाही म्हणणारे त्यातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १७ वा अध्याय दाखवतात, भाऊबंदांपैकीच राजा करा, परक्याला करू नका. ते वचन टाळायचं नाही. पण ते सांगितलंय देवाशी कराराने बांधलेल्या इस्राएलाला, त्यांच्या राजाबद्दल, आणि आपण निवडतोय नगरसेवक. आपल्याला जास्त लागू पडतं ते यिर्मया २९, बंदी करून बाबेलात नेलेल्या इस्राएली लोकांना लिहिलेलं पत्र, की घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित बघा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. (आपण इथे परके आहोत असं मी म्हणत नाहीये हं, आपले ईस्ट इंडियन भाऊ, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडचे मूळचे कॅथलिक, तर इथल्याच मातीतले. सत्ता आपल्या हातात नसताना कसं जगायचं, एवढ्यापुरतंच बोलतोय.) आणि यशया ४५ मध्ये पारसाचा राजा कोरेश, जो देवाला ओळखतही नव्हता, त्याला देव अभिषिक्त म्हणतो!

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि सासरा इथ्रो सांगतो, असा झिजून जाशील, माणसं निवड, कर्तबगार, देवाला भिणारी, सत्याने वागणारी, लाचेचा तिटकारा असलेली. कोणी म्हणेल, बघा, देवाला भिणारी म्हटलंय ना? म्हटलंय. पण हे सांगणारा इथ्रो स्वतः मिद्यानाचा याजक, म्हणजे इस्राएलाबाहेरचा, आणि मोशेने त्याचं ऐकलं. देवाचं भय कोणाच्या आडनावात लिहिलेलं नसतं, लाच घेतो की नाही हे मात्र आख्ख्या प्रभागाला ठाऊक असतं, तर तिथून तरी सुरुवात करू.

मी हे स्वतः चूक करून शिकलोय. खूप वर्षांपूर्वी नवी मुंबईत राहायचो तेव्हा नुसतं आडनाव बघून मत दिलं. निवडून आल्यावर त्या माणसाने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पावसात दफनभूमीत पाणी साचायचं, गुडघाभर चिखलात आम्ही एका आजींना मूठमाती दिली, त्यांच्या मुलाचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. ते गटार शेवटी ज्याच्या मागे लागून करून घेतलं तो ख्रिस्ती नव्हता, आणि त्याला मी मत दिलेलं नव्हतं.

उलट बाजूही बघा. १९६७ ला दक्षिण मुंबईत कॅथलिक घरातल्या जॉर्ज फर्नांडिसांनी काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटलांना पाडलं, ते काय फक्त कॅथलिकांच्या मतांवर? सगळ्या धर्मांच्या लोकांनी दिली मतं. त्यांनी तेव्हा आडनाव बघितलं असतं तर? आणि घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा मे १९४९ मध्ये सोडल्या गेल्या, तेव्हा समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते आणि त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाकीच्या समाजावर भरवसा ठेवून केलेली गोष्ट ती, मला तिचा अभिमान वाटतो.

एक मात्र कडक सांगतो, पुलपिटवरून, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनाच्या जागेवरून, कोणा उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २ जानेवारी २०१७ ला सांगितलंय, उमेदवाराच्याच नाही तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागणं भ्रष्ट आचार, आणि तो खटला आपल्या शेजारच्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा होता.

मग कोणालाही द्यायचं का? नाही. जो एखाद्या समाजाबद्दल विष पेरतो त्याला माझं मत नाही, तो समाज आपला नसला तरी नाही, आणि तो उमेदवार दर रविवारी पुढच्या बाकावर बसत असला तरी नाही.

ती जिन्यातली मुलगी इथेच बसलीये. पहिला प्रश्न तिने विचारावा, मला घाई नाहीये आज.