शेवटच्या डब्याचा लाल दिवा

(टेबल. पातं, चिमटा, पांढरे तुकडे.)

अर्धा मिलिमीटर जाडीचं स्टायरिन, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा. पातं हलक्या हातानं दोनदा फिरवलं, वाकवलं, की तुकडा सरळ सुटतो. यातून उभं राहतंय मालगाडीच्या शेवटी लागणाऱ्या चारचाकी ब्रेक व्हॅनचं छोटं मॉडेल. गार्डचा डबा. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे मॉडेल रेल्वेतलं एचओ माप.

दोन्ही टोकांना उघडा व्हरांडा, मधे खोली. कठडे पितळी तारेचे. प्लॅस्टिकचा कठडा या मापात जाडजूड दिसतो, आणि याच कठड्याशी उभं राहून गार्ड झेंडी दाखवतो. तो नीटच हवा.

तडजोड आहे ती चाकांखाली. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचं. ८७ नं भागलं तर १९.२६. पण एचओचे रूळ १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून ठरलेत, त्यांच्यातलं अंतर १६.५. म्हणून आपला रुंद डबा अरुंद रुळांवर उभा.

(जवळून: चाकं, तारा.)

मागच्या लाल दिव्याला वीज रुळांतूनच येते. चारही चाकांच्या पाठीला फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या घासतायत. तिथून केसासारख्या तारा ब्रिज रेक्टिफायरकडे, म्हणजे वीज एकाच दिशेनं वाहती करणाऱ्या भागाकडे. साध्या डीसी लेआउटवर, म्हणजे रुळांतली वीज कमी-जास्त करून गाडी चालवायच्या मांडणीवर, गाडी थांबली की रुळांतली वीज जाते आणि दिवाही विझतो. थांबलेल्या गाडीचा मागचा दिवा विझलेला? हे चालणार नाही. म्हणून इथे डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण: रुळांत कायम वीज.

तरी चारचाकी डब्याचं एखादं चाक सांध्यावर क्षणभर उचललं जातंच. वीज तुटली की लुकलुकणारा एलईडी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि लय बिघडते. त्यासाठी खोलीत लपवलाय थोडी वीज साठवणारा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तेवढा क्षण तो निभावून नेतो.

एलईडी आतच बसतो. बाहेर येतो पाऊण मिलिमीटरचा ऑप्टिकल फायबर, त्याचं टोक म्हणजे दिव्याची काच. भिंतींना आतून आधी काळा रंग, नाहीतर अख्खा डबा लाल दिसतो.

हौशी मंडळींना खोलीतही पिवळा दिवा लावायचा मोह होतो. लावू नये. कित्येक ब्रेक व्हॅनमध्ये वीज नव्हती, शौचालय नव्हतं. गार्डनं तिथे हातातल्या दिव्यावर रात्री काढल्या. त्या खोलीत उजेड टाकला तर डबा देखणा होईल, पण खोटा होईल.

(लेआउट. अंधार. मालगाडी स्टेशनातून जातेय.)

स्टेशन मास्तर बघतो तो हाच दिवा. दिवसा एलव्हीची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी, रात्री लुकलुकता लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, एकही वॅगन मागे सुटलेली नाही. त्यानंतरच मागच्या गाडीला वाट.

२०२२ मध्ये गार्डचं पदनाम ट्रेन मॅनेजर झालं. काही मालगाड्या तर ब्रेक व्हॅनशिवाय, शेवटच्या वॅगनला लावलेल्या, इंजिनाला बिनतारी खबर देणाऱ्या टेलिमेट्री यंत्रावर धावू लागल्यात.

(यार्डात उभी ब्रेक व्हॅन. पायऱ्या, कठडा, गंज.)

ज्यांना हा डबा करायचाय, त्यांनी रेल्वेची परवानगी काढून तो आताच मोजून घ्यावा. पायऱ्यांमधलं अंतर, कठड्याचा बाक, दिवा अडकवायच्या आकड्याची उंची. नकाशात हे सगळं सापडत नाही.