पगार कुणाच्या हातात पडतो?

[दृश्य: कचरा वर्गीकरण केंद्र, रात्रपाळी. पट्टा चालू आहे.]

पट्टा थांबत नाही. बाटल्या, ओले पुठ्ठे, फुटक्या काचा, कुणाच्या तरी घरातून निघालेला जुना पंखा. सगळं एकामागून एक सरकत येतं आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं ते हातानं निवडतात. एकाच्या हातमोज्याला तळव्यावर काचेनं चीर पाडलेली आहे. मोजा बदलायला तो थांबत नाही. शेजारच्याशी बोलायचं तर यंत्राच्या आवाजावर ओरडावं लागतं, म्हणून कुणी बोलत नाही.

यांच्यातला एखादा वेठबिगार असेल, तर तो ओळखायचा कसा? फाटकावर त्याची हजेरी लागते. पगारपत्रकावर नाव असतं, किमान वेतनाचा आकडा बरोबर असतो, पैसे वेळेवर बँकेत जमा होतात. कागद चोख असतात. त्या खात्याचं कार्ड मात्र दुसऱ्याच्या खिशात असतं.

[दृश्य: नकाशा. पोलंड ते इंग्लंड.]

ब्रिटनमध्ये अगदी हेच घडलं. वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी ज्या तपासाला ‘ऑपरेशन फोर्ट’ असं नाव दिलं, त्यातली टोळी पोलंडमधून माणसं आणत असे. बेघर, नुकतेच तुरुंगातून सुटलेले, दारूच्या आहारी गेलेले. म्हणजे ज्यांची चौकशी करायला मागे कुणी नाही असे. चांगली नोकरी आणि राहायला घर, एवढं सांगितलं की माणूस बसमध्ये बसायचा. पोहोचल्यावर एकेका कोंदट खोलीत चार-चार जण. काम शेतांवर, टर्की पक्षी साफ करण्याच्या कारखान्यांत आणि कचऱ्याच्या पुनर्प्रक्रिया केंद्रांत. टोळीच त्यांच्या नावानं बँक खाती उघडायची आणि पगार काढून घ्यायची. काहींच्या हातावर आठवड्याला जेमतेम २० पौंड टेकवले जात. २०१५ मध्ये दोघं निसटले आणि प्रकरण बाहेर आलं. बळी पडलेल्यांची संख्या ४०० च्या वर असावी, असा पोलिसांचा अंदाज. २०१९ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली.

या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की ही माणसं कुठल्या लपलेल्या तळघरात राबत नव्हती. रीतसर कंपन्यांत, रीतसर एजन्सीमार्फत आली होती. कंपनीनं पैसे दिले होते. ते कुठे गेले, हे कुणी विचारलं नव्हतं.

[दृश्य: मजूर भरलेली व्हॅन फाटकातून आत येते.]

कचऱ्याच्या धंद्यातच हे इतकं सहज का जमतं? काम घाणेरडं, अंगमेहनतीचं. स्थानिक माणूस टिकत नाही. भाषा आली नाही तरी चालतं. आज माल जास्त येतो, उद्या कमी, म्हणून कायमचे कामगार न ठेवता रोज संध्याकाळी एजन्सीला फोन जातो: ‘रात्रपाळीला बारा माणसं पाठवा.’ ती एजन्सी दुसऱ्या एजन्सीला सांगते, दुसरी एखाद्या मुकादमाला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपला वाटा कापतो. शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाचं नावही पहिल्या टप्प्यावरच्या व्यवस्थापकाला माहीत नसतं. घरं-दुकानं रिकामी करून सामान उचलणाऱ्या गाड्यांवर तर अनेकदा कागदही नसतो. मजुरी रोख, तीही टोळीच्या माणसाच्या हाती.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती. सक्ती ओळखण्यासाठी या संघटनेनं अकरा खुणा सांगितल्या आहेत: फसवणूक, एकटं पाडणं, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं, मजुरी अडवून ठेवणं, कर्जात बांधून घेणं आणि आणखी काही. मारहाण ही त्यातली एकच. यातली एक मजबूत बेडी कर्जाची असते. प्रवासाचा खर्च, नोकरी लावून दिल्याचं कमिशन, खोलीचं भाडं, अशी उचल अंगावर चढवली जाते आणि ती कधी फिटतच नाही.

‘पण तो स्वतःहून आला होता’ असं म्हणणारे भेटतात. मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार त्यावर स्पष्ट आहे: फसवून किंवा धाकानं मिळवलेली संमती ही संमती धरायची नाही.

[दृश्य: कार्यालय. टेबलावर छापील निवेदनपत्र.]

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी निवेदन काढावं लागतं. आपल्या धंद्यात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी होऊ नये म्हणून काय केलं, ते त्यात सांगायचं. संचालक मंडळाची मंजुरी हवी, संचालकाची सही हवी. पण ‘आम्ही काहीच केलं नाही’ असं लिहिलं तरी कायद्याची अट पूर्ण होते. म्हणून नुसत्या निवेदनपत्रावर विसंबता येत नाही. खरं काम पगाराच्या यादीपाशी सुरू होतं.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर पगाराची यादी.]

ही यादी नावानुसार न लावता खाते क्रमांकानुसार लावून बघावी. चार वेगवेगळी नावं आणि खातं एकच? मग पत्त्यानुसार लावावी: एका लहान घराच्या पत्त्यावर अकरा कामगार? मग फोन नंबरनुसार. एवढ्या तपासणीला अर्धा दिवस पुरतो आणि कुणाला काही विचारावंही लागत नाही.

पुढचं मात्र प्रत्यक्ष जाऊन करावं लागतं. मालकानं किंवा व्यवस्थापकानं रात्रपाळीला, न सांगता यावं. एकाच माणसाच्या गाडीतून सगळे उतरतात का, प्रश्न विचारला की सगळे त्याच्याचकडे बघतात का, कुणी रोज उपाशी पोटी राबतो का. दुभाषा बाहेरचा असावा. ‘मी सांगतो ना याच्या वतीनं’ म्हणणारा सहकारी नको. नोकरी मिळवण्यासाठी कुणाला पैसे दिलेस, हा प्रश्न प्रत्येक नव्या कामगाराला एकट्याला गाठून विचारावा. दिले असतील, तर ते कंपनीनं परत करावेत. एजन्सीबरोबरच्या करारात पोटकंत्राटाला बंदी आणि अचानक तपासणीचा हक्क, दोन्ही लिहून घ्यावेत.

आणि दर बघावा. किमान वेतन, रजेचे पैसे, विमा आणि एजन्सीचा खर्च यांची बेरीज होते त्याहून कमी दरात कुणी मजूर देतो म्हणत असेल, तर फरक कामगाराच्या खिशातून निघतोय. दुसरं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. कंपनीनं उचललेला माल पुढे ज्याच्याकडे जातो, त्या भंगारवाल्याला आणि वर्गीकरण केंद्रालाही हाच हिशेब लागू.

[दृश्य: व्यवस्थापक फोनवर बोलत आहे.]

संशय खरा वाटला, तर त्या माणसाला सगळ्यांसमोर बोलावून विचारू नये. टोळीचा माणूस तिथेच, त्याच पट्ट्यावर उभा असू शकतो. मुकादमाला जाब विचारला, तर सकाळपर्यंत सगळी माणसं दुसऱ्या गावी हलवली जातात. तारीख, गाडीचा नंबर, काय दिसलं, याची नोंद करावी आणि पोलीस किंवा मदत संस्थेशी बोलावं. जिवाला धोका दिसला तर तत्काळ. घाईनं कंत्राट तोडून हात झटकू नयेत. त्यानं कंपनीचं नाव वाचतं, पण माणूस टोळीच्याच ताब्यात राहतो. सुटका झाल्यावर त्याची थकलेली मजुरी काढून द्यावी आणि त्याला हवी असेल तर नोकरी तशीच राखून ठेवावी, या वेळी थेट कंपनीच्या पटावर.